देवळ्याच्या मावशींची सुपरवायझर

देवळ्याच्या मावशींइतकं मनापासून रागावणारं माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही, आणि ज्यांच्यावर त्या रागावल्या त्यांच्यातला एकही जण मला पुढे निर्दोष आढळला नाही. यात मी स्वतःलाही धरते. इतर लोक रागावतात म्हणजे काय करतात? आवाज चढवतात, भांडं आपटतात, दोन दिवस अबोला धरतात आणि तिसऱ्या दिवशी विसरून जातात. मावशी विसरत नसत. सकाळी अंघोळ उरकून, डबा भरून त्या ड्यूटीवर निघत तेव्हा दिवसभराचा राग बरोबर घेऊनच निघत, आणि संध्याकाळी सहाला तो सगळा वापरून, हलक्या अंगाने घरी परतत. त्यांना शांत झोप लागत असणार याची मला खात्री आहे. झोप उडायची ती माझी, कारण मी त्यांची सुपरवायझर होते.

ही ऐंशीच्या आगेमागची गोष्ट. नाशकात तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची अंघोळ, खाणंपिणं, औषधं बघणाऱ्या बायका पाठवणारी एक लहानशी संस्था होती. द्वारकेच्या चौकात टायरच्या दुकानावर दोन खोल्या. त्यांत एक टेलिफोन, एक सेक्रेटरी, अठरा बायका आणि मी. बी.ए. झाल्याझाल्या मला तिथे नोकरी लागली. सुपरवायझर म्हणजे पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, म्हातारं माणूस बघायचं, घरच्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ही बातमी माझ्याआधी पोचली. विहारातल्या बायका आईला थांबवून विचारायच्या, "मुलगी साहेब झाली म्हणे?" माझे वडील रेल्वेत कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्यांसाठी फाइल घेऊन दारादारांत उभे राहिलेले. आता मुलगी स्वतः सही करणार म्हणून त्यांनी मला शाईचं पेन आणून दिलं. त्या पेनाने मी पुढे काय लिहिलं ते सांगणारच आहे.

बायकांना आम्ही सगळे मावशी म्हणत असू आणि गावावरून ओळखत असू. देवळ्याच्या मावशी पंचेचाळिशीच्या असतील. उंच, हाडापेराने मोठ्या, आणि चालताना एक खांदा पुढे. समोर बंद दार आहे आणि ते ढकलून आत जायचंय अशा. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं त्यांनी बारा वर्षं केलं होतं. सासरे गेले, पाठोपाठ नवरा गेला, मग सासरी कुणाच्या ताटाखाली राहायचं नाही म्हणून त्या नाशिकला आल्या आणि पंचवटीत एक खोली घेऊन राहिल्या. संस्थेने बायकांना पांढरी साडी ठरवली होती. मावशींनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि सेक्रेटरींच्या टेबलावर परत ठेवली. "पांढरं नेसून म्हाताऱ्यांच्या उशाशी बसू? डोळं उघडल्यावर त्यांना वाटंल, न्यायलाच आली." शेवटपर्यंत त्या चॉकलेटी काठाचं लुगडंच नेसल्या. नियम अठरा बायकांना होता, तो सतरांना लागू झाला.

त्यांचा राग किती चढलाय ते भाषेवरून कळायचं. एरवी त्या गावाकडचं साधं बोलत: हाय, नाय, लय. पण राग वर सरकला की त्यांची बोलीही देवळ्याहून सटाण्याच्या, म्हणजे अहिराणीच्या, दिशेला सरकायची आणि 'हाय'चं 'शे' व्हायचं. 'हाय' ऐकू येतंय तोवर समोरच्याला वाचायला जागा असे. 'शे' ऐकू आलं की मी मुकाट्याने पर्स आवरायचे.

कुठल्याही घरात शिरल्यावर त्या आधी कॉटखाली वाकून बघत. "वरची चादर पाव्हण्यांसाठी आसती, खाली बघा," असं मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. खाली उष्टं ताट, धूळ, हरवलेली चष्म्याची काडी, तीन दिवसांपूर्वीच्या गोळ्या, काय काय निघायचं. टिळकवाडीतल्या एका बंगल्यात कॉटखाली काही निघालं नाही, तर मावशींना राग यायला भिंतीवरचं घड्याळ पुरलं. घड्याळ आजीबाईंच्या डोक्यामागे टांगलेलं होतं. सकाळ झाली की दुपार, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागे, आणि दर वेळी विचारलं की घरचे हसत. मावशींनी स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि समोरच्या, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीत खिळा ठोकला. अर्ध्या तासात आमच्या ऑफिसचा टेलिफोन वाजला. मी धावत गेले. घरमालक भिंतीतल्या भेगेकडे बोट दाखवत थरथरत होते, आणि मावशी आजीबाईंचे केस विंचरत होत्या. "ताई," त्या मला म्हणाल्या, "यांना इचारा, घरात लोक रंग बघायला येत्यात का आज्जी बघायला?" मी ते विचारलं नाही. पण खिळाही काढायला लावला नाही, आणि माझ्या मते त्या वर्षी मी केलेलं हे सर्वांत धाडसी काम होतं.

म्हातारी माणसंही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. म्हातारं माणूस म्हणजे देवाचं लेकरू वगैरे बोलणं त्यांना अजिबात खपायचं नाही. "म्हातारा झाला म्हून काय शाना झाला का?" पंचवटीत एक निवृत्त फौजदार होते. बायको गेल्यापासून ते जेवणाचं ताट भिंतीवर फेकत. चार बायका रडत परत आल्या होत्या. मावशींच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ताट फेकलं. मावशींनी वरण पुसून घेतलं, आपला डबा उघडला, तो त्यांच्या समोर स्टुलावर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. "फेकलं? बरं. आता मी बी जेवत नाय. बघू कोण आधी दमतं." बारा वाजले, दोन वाजले. फौजदारांनी आयुष्यात भल्याभल्यांना कबुली द्यायला लावली होती, पण अशी चौकशी त्यांनी पाहिली नव्हती. साडेतीनला ते तोंड फिरवून म्हणाले, "बाई, जेवून घ्या." "आधी तुमी." त्यानंतर त्या घरातली ताटं शाबूत राहिली. फौजदारांनी मला एकदा हळूच विचारलं, "त्या बाईंची रजा कधी असते?" मला वाटलं, सुटका हवीय. तर म्हणाले, "त्या दिवशी जेवण जात नाही."

आणखी एक प्रसंग सांगते. तो माझ्यावरचा आहे. रविवार कारंजाजवळच्या एका घरी पहिल्या भेटीत मला आडनाव विचारलं गेलं. मी सांगितलं. दुसऱ्या भेटीपासून माझा चहा कान तुटलेल्या एका कपात येऊ लागला. तो कप खिडकीच्या फळीवर एकटाच पालथा असायचा. मला सवय होती, असं म्हणायचं आणि पुढे जायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. मावशी त्या घरी ड्यूटीवर होत्या आणि सगळं बघत होत्या. तिसऱ्या भेटीला त्यांनी स्वतःच चहा केला. मला घरातल्या फुलाफुलांच्या कपात दिला, आणि घरच्या यजमानांपुढे तो कानतुटका कप आणून ठेवला. यजमानांनी हात मागे घेतला. "का वं? प्या की. चांगला कप हाय. तुमीच सांभाळून ठेवलाय ना इतके दिस?" दुसऱ्या दिवशी त्या घराने बाई बदलून मागितली. सेक्रेटरींनी बदलून दिली. मला म्हणाले, "अशा गोष्टी गोडीने घ्यायच्या असतात."

आमचे सेक्रेटरी सगळंच गोडीने घेत. त्यांना कधी राग आलेला कुणी पाहिला नाही. तेव्हा मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. आता मी, ज्या माणसाला कशाचाच राग येत नाही, त्याच्यापासून लांब राहते. आणि खरं सांगायचं तर राग मलाही यायचा. अगदी मावशींइतका यायचा. फक्त तो बाळगायची माझी ऐपत नव्हती. नोकरी होती, वडिलांचं पेन होतं, कॉलनीतल्या बायका होत्या. म्हणून मी काय करायचे, तर जिथे मला राग आला त्या घरी पुढच्या वेळी मावशींना पाठवायचे.

गंगापूर रोडच्या बंगल्यातही मी त्यांना असंच पाठवलं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

बंगला एका बड्या व्यापाऱ्याचा होता. संस्थेच्या टेलिफोनपासून पंख्यापर्यंत बरंच काही त्यांच्या देणगीतून आलेलं. त्यांची आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विसराळू झाल्या होत्या. केव्हाही उठून फाटकाबाहेर पडत आणि चालायला लागत. त्यांच्याकडे आमची दुसरी एक बाई तीन महिने जात होती. एका भेटीत मी आजींना औषध दिलं की नाही ते विचारायला वाकले, तर त्यांच्या दोन्ही मनगटांवर लाल, सोललेल्या रेघा दिसल्या. मी सूनबाईंना विचारलं. त्या चटकन म्हणाल्या, "बांगड्या काचल्यात हो त्यांना." मी बरं म्हणाले. फाटकाबाहेर पडले, बसची वाट बघत उभी राहिले, आणि मला आजींचे हात आठवले. आजींना विधवा होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांच्या हातात बांगडी नव्हती. एकही नव्हती. मी परत फिरायला हवं होतं. बस आली, मी चढले, ऑफिसात आले आणि वडिलांच्या पेनाने रजिस्टरमध्ये शेरा लिहिला: समाधानकारक.

पुढच्याच आठवड्यात तिथल्या बाईची मुलगी बाळंत झाली आणि ती रजेवर गेली. मी तिच्या जागी देवळ्याच्या मावशींचं नाव लिहिलं. त्यांना काही सांगितलं नाही.

चौथा दिवस शनिवार होता. दुपारी मी माझ्या टेबलाशी होते, सेक्रेटरी आतल्या खोलीत. टायरच्या दुकानाशेजारचा आमचा जिना अरुंद आणि अंधारा. त्या जिन्यातून आवाज आला: "हळू, आज्जी. एक पायरी. आता दुसरी. घाई नाय, हापिस काय पळून जात नाय." आणि दारात मावशी उभ्या राहिल्या, त्यांच्या हाताला धरून गंगापूर रोडच्या आजी. मावशींनी त्यांना रिक्षात घालून थेट द्वारकेला आणलं होतं. मी उठून उभी राहिले. त्यांनी आजींना माझ्या खुर्चीत बसवलं, पदराने घाम टिपला, आणि त्यांचे दोन्ही हात उचलून माझ्या टेबलावरच्या उघड्या रजिस्टरवर ठेवले.

"सकाळी गेले तं जुन्या पातळाच्या पट्ट्यांनी कॉटला बांधेल व्हती. रोज बांधत्यात. मी यायच्या आत सोडत्यात. आज मी लवकर गेले." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. "हाई काय शे, ताई? तू गेली व्हतीस ना तठे? तुले डोया शेतस का नही?"

डोळे आहेत का नाहीत तुला. इतक्या दिवसांत त्या मला पहिल्यांदाच अरेतुरे बोलल्या होत्या.

सेक्रेटरी बाहेर आले. त्यांनी आजींना नमस्कार केला, त्यांच्या हातांखालून रजिस्टर अलगद ओढून घेतलं, पान मागे उलटलं आणि माझा शेरा मोठ्याने वाचला. मग मला विचारलं, "तुम्ही मागच्या भेटीत असं काही पाहिलं होतं?"

मी म्हणाले, "नाही."

मावशी माझ्याकडे पाठ करून आजींना खिडकीशी घेऊन गेल्या. खाली द्वारकेच्या चौकातून आग्रा रोडचे ट्रक जात होते. आजी जाळीला नाक लावून बघत होत्या. "हा कुठं चालला?" "चांदवडला, आज्जी." "मग मलाही सोडा की. चांदवडला आई वाट बघतेय माझी." बंगल्यात तीन महिने कुणालाच कळलं नव्हतं की या बाई उठून जातात कुठे. त्या माहेरी निघत होत्या.

मुलगा गाडी घेऊन आला. चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता तो. आईचा दंड धरला, सेक्रेटरींना म्हणाला, "तुमच्याकडे अशी माणसं ठेवता?" आणि जिना उतरू लागला. सेक्रेटरींनी अतिशय गोड शब्दांत मावशींना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. मावशी खाली गेल्या, आजींना गाडीत नीट बसवलं, पायांवर शाल घातली आणि मुलाला म्हणाल्या, "फाटकाला कुलूप घाला. म्हातारीला नका घालू." मग खांदा पुढे करून त्या पंचवटीच्या दिशेने चालत गेल्या. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

रविवारी मी घरी कुणाशी बोलत नव्हते. वडिलांनी दोनतीनदा विचारल्यावर सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, नोकरी सांभाळ. ते इतके चिडले की त्यांचा चष्मा खाली पडला. "पेन दिलं होतं मी तुला! शिक्का दिला नव्हता!" आई मध्ये पडली तर तिलाही बोलले.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिस उघडलं आणि त्या शेऱ्याच्या खाली लिहिलं: वरील शेरा खोटा आहे, मनगटांवर बांधल्याच्या खुणा मी स्वतः पाहिल्या होत्या. खाली सही केली. सेक्रेटरींनी वाचलं. "रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही." मी म्हणाले, "खोडलेलं नाही, खाली लिहिलंय." ते म्हणाले, "तुमच्यासारख्यांना संस्थेने एवढी संधी दिली आणि..." मी विचारलं, "तुमच्यासारख्यांना म्हणजे कुणाला?" सेक्रेटरी पाणी प्यायले. नंतर आणखी एक ग्लास प्यायले. मी पर्स उचलली आणि गंगापूर रोडची बस पकडली.

बसमध्ये मी बोलायची वाक्यं घोकली होती. व्हरांड्यात सूनबाई समोर आल्या आणि सगळी विसरले. मला रागावायची सवयच नव्हती. आवाज चिरकला, तरी मी ओरडले, "लाज वाटत नाही तुम्हाला? माणूस आहे ते! कृपया हात बांधू नका!" रागावताना कृपया म्हणणारी नाशकात मी पहिलीच असेन. पण सूनबाई हसल्या नाहीत. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. नवरा सकाळी जातो तो रात्री येतो. दोन मुलांची शाळा. आमची बाई यायच्या आधी आणि गेल्यावर आजींना सांभाळायला त्या एकट्याच. एकदा आजी त्र्यंबक नाक्यापर्यंत गेल्या होत्या, ट्रकखाली येता येता वाचल्या, तेव्हापासून त्यांनी बांधायला सुरुवात केली होती. "मला तरी कुणी सांगितलं काय करायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही येत होता. तुम्ही बघत होता. तुम्हीसुद्धा काही बोलला नाहीत." माझा राग तिथे अर्धा संपला आणि उरलेला माझ्याकडे वळला. जरा वेळाने डोळे पुसून त्यांनी विचारलं, "त्या बाई परत येतील का? आई शनिवारपासून नीट जेवल्या नाहीत. लुगडंवाली कुठंय, म्हणतात."

मी पंचवटीला गेले. मावशी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याशी उभी राहून सगळं सांगितलं: बांगड्या, बस, शेरा, नाही म्हणाले ते, खाली लिहिलं ते, कृपयासुद्धा. त्यांनी उरलेला तांदूळ संपेपर्यंत निवडला. सूप झटकलं. "त्यांना सांगा, फाटकाला कुलूप घालायचं आन् हात मोकळे ठेवायचे. आज्जीला रोज बाहेर न्यायची, मी नेईन. सुनेला दुपारी दोन घंटे झोपू द्यायचं, तिचं तोंड बघितलं का तुमी?" मग मला म्हणाल्या, "आन् तुमी. तुमी नाय आलात तरी चालंल. पर आलात तर बघा."

सेक्रेटरींना बंगल्यातूनच टेलिफोन गेला, तीच बाई परत पाठवा म्हणून. त्यांनी लगेच होकार दिला आणि मला बोलावून सांगितलं, "बघितलंत? गोडीने घेतलं की सगळं होतं." त्या दिवशी मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. परत ठेवला. पण उचलला होता, हे इथे नमूद करते.

त्यानंतरचं दीड वर्ष मावशी त्या बंगल्यात होत्या. दोघी रोज बाहेर पडत. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदेकाठच्या, बाजारात जाऊन भाव विचारत आणि काही न घेता भांडून परत येत. एका शुक्रवारी दोघी दिसेनात. सूनबाईंचा टेलिफोन, माझी धावपळ. संध्याकाळी पाचला फाटकाशी रिक्षा थांबली. मावशी आजींना एस.टी.ने चांदवडला नेऊन आल्या होत्या. "परवानगी कुणाची घेतलीत?" मी विचारलं. "आज्जीची." माहेरच्या घराच्या जागी दुकानं झाली होती. आजींना कुणी ओळखलं नाही, आजींनीही कुणाला नाही. तरी एका ओट्यावर बसून दोघींनी भाकरी खाल्ली, आणि परत येताना आजी सांगत होत्या, आईची तब्येत आता बरी आहे. त्या दिवसापासून त्या फाटकाकडे गेल्या नाहीत. मुलगा त्या संध्याकाळी घरी होता. मला वाटलं आता तो काढून टाकतोच. त्याने मावशींना एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी गाडी दिली असती." मावशी म्हणाल्या, "गाडी नव्हती पायजे. तुमी पायजे व्हतात." पुढच्या महिन्यात तो स्वतः दोघींना घेऊन गेला.

आजी हिवाळ्यात गेल्या, झोपेत, मोकळ्या हातांनी. मावशी काही दिवस ऑफिसात येऊन नुसत्या बसत. रागवायला कुणी सापडत नव्हतं. सून नीट वागली होती, मुलगा नीट वागला होता, डॉक्टर वेळेवर आला होता. त्या पंख्याकडे बघून म्हणाल्या, "हा लय आवाज करतो." बस, तेवढंच. मग गावाहून निरोप आला, थोरल्या भावाचे पाय गेलेत, आणि त्या एका ट्रंकेसकट देवळ्याला निघून गेल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले होते. मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. पण त्यांचं कंडक्टरशी ट्रंकेवरून वाजलं, ते गाडी सुटेपर्यंत चाललं.

चारपाच वर्षांनी मला कामानिमित्त त्या बाजूला जावं लागलं. तोवर ऑफिसात तीन सुपरवायझर होत्या आणि नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. देवळ्यात उतरून विचारत विचारत गेले. अंगणात कांद्याचे ढीग, आणि ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ पाय पसरून बसलेले. मी मावशींचं विचारलं. ते म्हणाले, उन्हाळ्यात गेली. दोन दिवसांचा ताप. मी ओट्याच्या कडेला बसले. ते आपणहून बोलत राहिले: "चार साल केलं माझं. रोज शिव्या घालायची. म्हनायची, पाय गेले तं काय झालं, हात हायत ना, कांदे निवड. निवडायला लावले तिनं." त्यांच्या पुढ्यात टोपली होती, अर्धी निवडलेली. "तुमी तिच्या कोन?"

मी त्यांची सुपरवायझर होते, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "मी त्यांच्या हाताखाली होते. नाशिकला."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "मग तुमालाबी लय बोलली आसंल."

"एकदाच," मी म्हणाले.

घरातून त्यांची सून चहा घेऊन आली. पाच वाजताच्या गाडीला अजून वेळ होता. मी टोपली जवळ ओढली, आणि गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघं कांदे निवडत बसलो.